चारशे डोकी, आठशे शेपट्या

८ डिसेंबर २०२४, रविवार

आजपासून रोजनिशी. डॉक्टर म्हणाला, सर, राग आला की बोलू नका, लिहून काढा. बी.पी. एकशे साठ. डॉक्टर माझ्याच हाताखालून गेलेला, दहावीला विज्ञानात एकसष्ट मार्क. त्याने मला राग आवरायला सांगावं, याचाच आधी राग आला. तो लिहिला. आता बरं वाटायला हवं. अजून वाटत नाही.

डायरी माझ्या बायकोला, माधवीला, तिच्या बँकेत कुणा साडीवाल्याने दिलेली. प्रत्येक पानाच्या कोपऱ्यात साडी नेसलेली एक बाई हसते आहे. तिच्याकडे बघायचं नाही असं ठरवलं आहे.

रागाचं मूळ धनश्री. माझी एकुलती एक मुलगी. बडोद्याला पीएच.डी. करते. विषय कोणता, तर फॉस्फोलिपिड. साध्या मराठीत चरबी. सगळं जग प्रोटीनवर काम करतंय आणि आमची कन्या चरबीवर. मी लिंबायतच्या मराठी शाळेत एकोणतीस वर्षं शिकवतोय की पेशीभोवतीचं पटल म्हणजे चरबीचे दोन थर आणि त्यात बसवलेली प्रोटीनं. साखर आत घ्यायची, मीठ बाहेर टाकायचं, निरोप पोचवायचा, ही सगळी कामं प्रोटीनं करतात. चरबी नुसती भरताड. हा शब्द माझा स्वतःचा. पुस्तकात नाही. मुलं तो परीक्षेत लिहितात आणि मी पूर्ण मार्क देतो.

दिवाळीत फराळाला बसलो असताना धनश्री म्हणाली, बाबा, भरताड नाही ते. भोवतीची चरबी बदलली तर तेच प्रोटीन उलटं उभं राहतं आणि साखर ओढायचं थांबतं. चरबी परत दिली की सरळ होतं. मी म्हणालो, माझ्या वर्गात एकोणतीस वर्षांत एकही प्रोटीन उलटं उभं राहिलेलं नाही. समोर बसलेला मेहुणा हसला. कोणाला हसला ते कळलं नाही, म्हणून दोघांवरही राग धरला. तो अजून आहे.

संकल्प: वाद घालणार नाही. सिद्ध करून दाखवीन.

१० डिसेंबर, मंगळवार

संधी आली. ११ जानेवारीला उधन्याला विज्ञान प्रदर्शन. एक विभाग शिक्षकांनी स्वतः बनवलेल्या साधनांचा. हेडमास्तरांनी विचारलं, कोण भाग घेणार. सगळे खिडकीबाहेर बघायला लागले. मी हात वर केला. ते म्हणाले, यंदा तरी वेळेवर होऊ द्या. यंदा तरी म्हणजे काय? २०१८ चा माझा ज्वालामुखी वेळेवरच तयार होता. फक्त परीक्षक घरी गेल्यावर पेटला.

विषय ठरला: पेशीपटल. आणि मधोमध, सगळ्यांच्या डोळ्यांत भरेल असं, स्वतःच्या बळावर उभं असलेलं प्रोटीन. धनश्रीला त्या दिवशी बोलवायचं. ती बघेल आणि प्रबंधात दुरुस्ती करेल. प्रबंध जमा करायची तारीख दहा जानेवारी आहे, पण तारखा पुढे ढकलता येतात.

१४ डिसेंबर, शनिवार

कुरिअर आलं. प्रबंधाची कच्ची प्रत, प्लास्टिकमध्ये घट्ट गुंडाळलेली. वर चिठ्ठी चिकटवलेली. बाबा, इंग्रजी वाचायची गरज नाही. शेवटची चार पानं मराठीत आहेत, मी लिहिलेला सारांश. विज्ञान मी तुमच्याकडून मराठीत शिकले, म्हणून शब्द तुम्हीच तपासा. पाच जानेवारीपर्यंत कळवा. तुम्ही बघितल्याशिवाय मी तो सारांश छापणार नाही.

इंग्रजी वाचायची गरज नाही म्हणजे काय? मला इंग्रजी येत नाही, असं म्हणायचंय का? आता सगळा वाचणार. पहिल्या पानापासून, क्रमाने. चार पानं वाचून सोडून द्यायला मी काही तिचा आळशी गाईड नाही. त्यासाठी डोकं शांत हवं. आज नाही, म्हणून उघडला नाही.

१५ डिसेंबर, रविवार. संध्याकाळी

धनश्रीचा फोन दर रविवारी सहाला येतो. प्रत मिळाली का विचारलं. मी म्हणालो, मिळाली, वाचायला घेतली. हे खोटं नाही. हातात घेतली होती. स्वयंपाकघरातल्या काट्यावर वजनही केलं, एक किलो आठशे. चरबीबद्दल एवढं लिहिण्यासारखं काय असतं?

प्रदर्शनाला ये म्हटलं. ती म्हणाली, दहाला जमा करते, अकराला सकाळी येते, दोन दिवस राहते. आवाज खूश होता. बहुतेक तिलाच आपली चूक कळायला लागली आहे.

१८ डिसेंबर, बुधवार

बी.पी.साठी नवा आहार. रोज दोन उकडलेली अंडी, फक्त पांढरं. ते शुद्ध प्रोटीन. पिवळ्यात धनश्रीचं फॉस्फोलिपिड ठासून भरलेलं असतं, ते सोसायटीतल्या मांजराला. माधवी घरात अंडं शिजवू देत नाही, म्हणून मागच्या गॅलरीत स्टोव्ह. स्टोव्ह पेटत नाही. कंपनीवर राग. अर्ध्या तासाने पेटला.

मॉडेलचं काम सुरू. प्रोटीन मी स्वतः करतोय. थर्माकोल, वर प्लास्टर, वर लाल ऑइल पेंट. फुटबॉलपेक्षा मोठं. थर चिकटवताना वर सपाट, जड काहीतरी ठेवावं लागतं. घरभर शोधलं. प्रबंध नेमका बसला.

२१ डिसेंबर, शनिवार

नववी ब. पेशीपटल शिकवलं. फळ्यावर डोकी आणि शेपट्या काढल्या. फॉस्फोलिपिडला एक डोकं आणि दोन शेपट्या, डोक्याला पाणी आवडतं, शेपट्या पाण्याला भितात, म्हणून डोकी बाहेरच्या बाजूला आणि शेपट्या आत. हे सांगून मूळ मुद्द्यावर म्हणजे प्रोटीनवर आलो. अमृता नावाची एक मुलगी उठली. म्हणाली, सर, भरताड काढून टाकलं तर काय होईल?

काढायचं कशाला? भरताड काढून टाकायला कोण जातं? असले प्रश्न मोबाईलमुळे येतात. तिला तास संपेपर्यंत उभं केलं. अख्खा तास माझ्याकडे उत्तराच्या अपेक्षेने बघत होती. निर्लज्जपणा वाढत चालला आहे.

२२ डिसेंबर, रविवार

फोन. चार पानं बघितलीत का? मी म्हणालो, तिसऱ्या प्रकरणात आहे, दोन ठिकाणी भाषा ढिली वाटली. ती म्हणाली, बाबा, तिसरं प्रकरण राहू द्या, त्यात नुसते आलेख आहेत.

माधवी बाजूला भाजी निवडत होती. फोन ठेवल्यावर म्हणाली, अहो, प्लास्टिक तरी फाडा. मी म्हणालो, प्लास्टिक आहे म्हणून पेंटचे डाग पडत नाहीत. मुलीच्या वस्तूची काळजी घेतली तरी या घरात ऐकून घ्यावं लागतं.

२५ डिसेंबर, बुधवार. सुट्टी

चरबीचं काम मी करणार नाही. ते शिवणकाम आहे. मच्छरदाणीच्या जाळीचे दोन तुकडे, एक वरचा, एक खालचा. वरच्यावर दोनशे लाकडी मणी, खालच्यावर दोनशे. ती डोकी. प्रत्येक मण्यातून पॉलिस्टर सुताच्या दोन शेपट्या आतल्या बाजूला सोडायच्या आणि वरच्या शेपट्या खालच्या शेपट्यांना बांधायच्या. चारशे डोकी, आठशे शेपट्या. वरची जाळी चौकटीला ठोकायची, खालची शेपट्यांवर तरंगेल. मध्ये भोक, त्यात प्रोटीन.

मागच्या गल्लीतल्या मंगलाबाईकडे दिलं. ती घरी धागा कटिंग करते. मार्केटातून साड्यांचे गठ्ठे येतात, विणताना मागे राहिलेले लोंबते धागे कापून साडी साफ करायची, की गठ्ठा परत. वीस वर्षं तेच. धनश्री लहानपणी शाळा सुटली की तिच्या ओट्यावर बसायची, माधवी बँकेतून येईपर्यंत. हातात छोटी कात्री धरून धागे कापायची. तिथेच असल्या सवयी लागल्या असणार.

मंगलाबाईला पाऊण तास प्रोटीन समजावलं. तिने नीट ऐकलं. मग मण्यांना हात लावून विचारलं, आणि हे काय? मी म्हणालो, ते भरताड. त्याच्यावर वेळ घालवू नका. तिने पैसे घ्यायला नकार दिला, धनूच्या वडिलांचं काम म्हणाली. मी शाळेत एकोणतीस वर्षं आहे आणि माझी ओळख धनूचे वडील. राग आला. बोललो नाही, इथे लिहिलं.

२९ डिसेंबर, रविवार

फोन. मी आधीच म्हणालो, चौथ्या प्रकरणात आहे. ती म्हणाली, चार पानंच हवीत बाबा, पाचला प्रेसला जाणार. मी म्हणालो, मला घाई केलेली चालत नाही, तुला शाळेपासून माहीत आहे. ती म्हणाली, माहीत आहे.

शेवटचे दोन शब्द तिने ज्या आवाजात म्हटले तो आवाज मला आवडला नाही.

१ जानेवारी २०२५, बुधवार

नवीन वर्षाचे संकल्प. आजपासून रागावणार नाही. आजपासून रोज प्रबंधाची दहा पानं. पाच तारखेपर्यंत पन्नास, चार पानं त्यातच कुठेतरी येतील.

दुपारी गॅलरीत चक्कर आली. पांढऱ्यावरचा पंधरावा दिवस. माधवी म्हणाली, ते मांजर बघा कसं गुटगुटीत झालंय, केस चमकतायत. मांजरावर राग आला. पहिला संकल्प दुपारी दोन वाजून दहा मिनिटांनी मोडला. दुसरा संध्याकाळी सुरू करायचा होता, पण प्रोटीनचा शेवटचा थर वाळत होता आणि त्यावर वजन हवंच होतं.

५ जानेवारी, रविवार

सहाला फोन आला. मी चौथ्या घंटेपर्यंत उचलला नाही. धनश्रीने विचारलं, बाबा, झालं का? मी म्हणालो, शब्दांवर बरंच काम करावं लागेल, इतक्यात सांगण्यासारखं नाही. मराठी परिभाषा म्हणजे पोरखेळ नव्हे. ती म्हणाली, बरं.

नुसतं बरं. एक शब्द. चार वर्षं पीएच.डी. करून बापाशी बोलायला एवढाच शब्द उरला. मी तिला काय बोलणार होतो ते सगळं मनात तयार होतं, पण फोन तिने आधी ठेवला.

माधवीने प्रबंधावरची धूळ पुसली आणि पुन्हा प्रोटीनवर ठेवला. हे तिने मुद्दाम केलं.

९ जानेवारी, गुरुवार

मंगलाबाईकडून पटल आलं. काम चांगलं आहे, हे मान्य करावं लागेल. डोकी सरळ रांगेत. पण शेपट्या. गाठी मारल्यावर उरलेली टोकं चारी बाजूंनी बाहेर आलेली. परीक्षक आधी काय बघतील? लाल प्रोटीन की ही झिपरी? मी तसंच उचललं आणि परत तिच्या ओट्यावर.

म्हणालो, मंगलाबाई, हे लोंबणारं मला दिसता कामा नये. उद्या संध्याकाळपर्यंत एकदम साफ पाहिजे. तिने शेपटी चिमटीत धरून विचारलं, "ह्या धागा कामना शेतस का, सर?" मी म्हणालो, नाही हो, किती वेळा सांगायचं, भरताड आहे. कामाचं फक्त प्रोटीन. तिने मान हलवली. काही माणसांना एकदा सांगितलेलं कळतं, हे बघून बरं वाटलं.

धनश्रीचा रविवारपासून फोन नाही. कामात असेल. उद्या जमा करायचंय.

१० जानेवारी, शुक्रवार

पटल घेऊन आलो. मंगलाबाईने साडीच्या पिशवीत घडी घालून दिलं, वरून चिकटपट्टी. माल असा पॅक करून देणारी बाई विरळा. उघडलं नाही. घडी मोडली असती.

उद्याचं भाषण पाठ. साडेतीन मिनिटं. शेवटचं वाक्य: भोवती कितीही गर्दी असली तरी काम एकटं प्रोटीनच करतं. आरशासमोर तीनदा म्हटलं. माधवी दारात उभी होती. म्हणाली, छान आहे. मग डबा भरायला गेली, मोजे काढून ठेवले, बी.पी.ची गोळी आणून दिली, सदऱ्याचं बटण लावलं. मध्ये मध्ये आल्यामुळे चौथ्यांदा म्हणता आलं नाही.

११ जानेवारी, शनिवार. संध्याकाळी साडेसहा

आधी राग लिहून घेतो. रिक्षावाल्यावर, जो प्रत्येक खड्डा शोधत गेला. टाचण्या बनवणाऱ्यांवर. मगनभाईंच्या उजव्या हाताच्या बोटावर. मंगलाबाईवर सगळ्यात जास्त.

आता झालं ते.

साडेनऊला टेबल मिळालं. रिक्षात प्रोटीन उडू नये म्हणून वर प्रबंध ठेवला होता, तो बाजूला ठेवला. चौकट उभी केली. पिशवी फाडली, वरची जाळी धरून उचलली. खालची जाळी जमिनीवर पडली.

आधी कळलंच नाही. मग आत बघितलं. एकही शेपटी नव्हती. आठशेच्या आठशे कापलेल्या, मण्याच्या मुळाशी, इतक्या सफाईने की हात फिरवला तरी लागत नव्हत्या. दोन स्वच्छ जाळ्या, त्यांवर चारशे स्वच्छ डोकी, आणि दोन्ही थरांचा एकमेकांशी काही संबंध उरलेला नाही. शेजारच्या टेबलावर सौरचूल घेऊन आलेल्या मास्तरीणबाई म्हणाल्या, केवढं नीटनेटकं काम आहे.

परीक्षक साडेदहाला यायचे होते. खालची जाळी टाचण्यांनी चौकटीला अडकवली. अठ्ठावीस टाचण्या. भोकात प्रोटीन ठेवलं. ते एका बाजूला कललं. सरळ केलं, दुसऱ्या बाजूला कललं. एवढं मोठं, एवढं लाल, आणि उभं राहता येईना. शेवटी जाळीखाली काहीतरी आधार द्यायला हवा होता. सपाट, जड, नेमक्या उंचीचं. प्रबंध कडेवर उभा करून लावला. वरून टेबलक्लॉथ सोडला. कुणाला दिसलं नसतं.

पावणेअकराला दोन परीक्षक आले. सोबत आमच्या ट्रस्टचे अध्यक्ष मगनभाई, सफेद सफारी. त्यांच्या मागून धनश्री आणि माधवी. धनश्री बडोद्याहून थेट, पाठीवर सॅक. मला बघून हसली. मी भाषण सुरू केलं. एकटं प्रोटीनच, इथपर्यंत पोचलो होतो, तेवढ्यात मगनभाई म्हणाले, "आ शुं छे, साहेब?" आणि प्रोटीनला बोट लावलं.

टाचण्या एकामागून एक सुटल्या. तो आवाज अजून कानात आहे. जाळी गेली, प्रोटीन खाली गेलं, टेबलक्लॉथ ओढला गेला, प्रबंध आडवा झाला आणि मगनभाईंच्या बुटावर पडला. प्लास्टिक शाबूत. तिची चिठ्ठी वरच चिकटलेली.

धनश्रीने वाकून उचलला. सगळीकडून फिरवून बघितला. प्लास्टिकची कड कुठे फाटली आहे का, ते बोटाने चाचपलं. कुठेच नव्हती. त्यावर लाल पेंटचे गोल डाग होते, पाच-सहा. मी म्हणालो, त्याचं असं आहे.

तिने माझ्याकडे बघितलं नाही. परीक्षकांकडे वळली आणि गुजरातीत म्हणाली, "पप्पाए जाणीजोईने आवुं बनाव्युं छे." म्हणजे मी हे मुद्दाम असं केलंय. आणि दहा मिनिटं बोलत राहिली. बघा, डोकी सगळी जागेवर आहेत, फक्त शेपट्या काढल्यात. शेपट्या नाहीत म्हटल्यावर थर टिकत नाहीत, आणि थर टिकले नाहीत की प्रोटीन कितीही मोठं असलं तरी काही कामाचं नाही. पेशीत तर याहून बारीक फरक पुरतो. एका जातीचं फॉस्फोलिपिड कमी झालं तरी प्रोटीन चुकीच्या बाजूने घडी घालतं आणि काम सोडतं. पप्पांना हेच दाखवायचं होतं, बोट लावून बघा म्हणूनच ठेवलंय. परीक्षकांनी माझ्याकडे बघितलं. मी एवढंच केलं की मान हलवली.

दुसरा नंबर आला. प्रमाणपत्रावर लिहिलंय: फॉस्फोलिपिडअभावी पटल व प्रोटीन यांची अवस्था. मगनभाईंनी हात मिळवला. जरा लंगडत होते.

धनश्री दोन दिवस राहणार होती. म्हणाली, चारची गाडी आहे. जेवून जा म्हटलं, भूक नाही म्हणाली. प्रबंध माझ्या हातात दिला. मी म्हणालो, तुला लागेल ना. ती म्हणाली, राहू द्या, काल जमा केला. मराठी पानं काढून टाकली.

१२ जानेवारी, रविवार

सकाळी मंगलाबाईकडे गेलो. चार वाक्यं तयार होती. पहिलं वाक्य झालं, तेवढ्यात ती शांतपणे म्हणाली, "तुम्हीनच सांगं ना सर, ते भरताड शे." आणि पुढे म्हणाली, "लोंबता धागा ठेवी मन्हा घरमाईन एक बी साडी कधी बाहेर गई नई." तिची काही चूक झाली असं तिला वाटत नव्हतं. रात्रभर बसून कापले म्हणाली. गाठी घट्ट होत्या.

मग म्हणाली, काल धनू येऊन गेली. तासभर ओट्यावर बसली, कात्री घेऊन सहा साड्या साफ केल्या, भाकर खाऊन गेली. काही बोलली का विचारलं. नाही म्हणाली. नुसते धागे कापत होती.

माझी उरलेली तीन वाक्यं राहून गेली.

सहाला फोनजवळ बसलो. साडेसातला उठलो.

१३ जानेवारी, सोमवार

प्रार्थनेच्या वेळी हेडमास्तरांनी अभिनंदन केलं. पटल चरबीशिवाय टिकत नाही हे सरांनी किती कल्पकतेने दाखवलं, म्हणाले. टाळ्या. नववी ब मध्ये गेलो तर अमृता म्हणाली, सर, मी हेच विचारलं होतं. मी म्हणालो, बस. ती बसलेलीच होती.

दुपारी डबा उघडला. माधवीने अंड्यांच्या डब्यात आज पिवळंही ठेवलं होतं. खाल्लं.

१४ जानेवारी, मंगळवार. उत्तरायण

सगळी सोसायटी गच्चीवर. सकाळपासून भोंगे, आरडाओरडा. उंधियूचा वास जिन्यातून खाली येतोय. माधवी वर गेली. मी तब्येतीचं कारण सांगितलं.

अकरा वाजता प्लास्टिक फाडलं. मांजर बघत होतं.

इंग्रजीचं पहिलं पान काढलं. तीन ओळी कळल्या. चौथीत अडलो. मग शेवटून उलटलं. चार पानं मराठी. समासात पेन्सिलीने बारीक अक्षर. तिने पॅक करण्याआधी लिहिलेलं. सात ठिकाणी.

पहिलं: बाबा, जलविरोधी लिहू की पाण्याला भिणारी? तुम्ही वर्गात भिणारी म्हणायचात, मला तेच आवडतं. दुसरं: प्रोटीनची घडी म्हणू की वळण? यावर पंधरा मिनिटं विचार केला. मला येत नाही. कुणाला विचारावं तर हे एकटी तीच सांगू शकेल. तिसरं, चौथं, पाचवं सोपं होतं. मला येत होतं. एका संध्याकाळचं काम होतं. माझ्याकडे बावीस संध्याकाळी होत्या.

सहाव्यात तिने काही विचारलेलं नाही. नुसतं लिहिलंय, हे वाक्य तुमच्या नववीच्या वहीतलं आहे.

सातवं शेवटच्या पानावर, अगदी खाली: बाबा, भरताड हा तुमचा शब्द मी कुठेच वापरलेला नाही. तुम्हाला वाईट वाटणार असेल तर एकदा घालते. सांगा.

लाल पेन उघडलं होतं. ते बंद केलं. ड्रॉवरमधून पेन्सिल शोधली, टोक केलं आणि तिच्या अक्षराखाली लिहिलं: नको घालूस.

नंतर तारीख टाकायची म्हणून टाकली, १४ जानेवारी. प्रबंध जमा होऊन चार दिवस झालेत. वर गच्चीवर कुणाचा तरी पतंग कापला गेला, सगळे ओरडले. मी प्रबंध मिटला. ठेवायला जागा शोधली, तर टेबलावर ते लाल प्रोटीन पडलेलं, कुशीवर. ते उचलून गॅलरीत ठेवलं.